घराण्याचा हात

कत्तलखान्यात तिला सगळे मुंगूस म्हणतात. अंगानं काटकुळी, मान पुढे काढून चालणारी, आणि कुणी अंगावर आलं तर आधी दात लावणारी. हे मी उगाच शोभेसाठी म्हणत नाही. आतडी विभागाच्या मुकादमानं एकदा तिच्या कमरेला हात घातला, तेव्हा तिनं त्याच्या दंडाचा लचका तोडला, तोंडातलं थुंकलं आणि पुन्हा कामाला लागली. मुकादम तक्रार घेऊन युनियनकडे आला. युनियन म्हणजे मी. मी म्हटलं, पट्टी बांध आणि नशीब समज, तिच्या दुसऱ्या हातात सुरी होती.

तिची गोष्ट सांगायची तर आधी सुरीची सांगायला हवी. आमच्याकडे जनावर आत येतं, कपाळावर खिळ्याच्या बंदुकीचा ठोका बसतो, ते कोसळतं. आकडेवाला त्याच्या मागच्या पायाला साखळी अडकवून वर चढवतो आणि ते उलटं धूड सरकत सरकत पहिल्या सुरीसमोर येतं. पहिली सुरी म्हणजे गळ्यावरचा वार. एकच वार, आणि तो बसायलाच हवा. फसला तर जनावर शुद्धीवर येऊन लाथा झाडतं. त्या लाथेनं जबडा उतरलेली माणसं मी उचलून नेली आहेत. म्हणून पहिल्या सुरीवाल्याचा मान मोठा. मॅनेजर आम्हा सगळ्यांना अरेतुरे करतो, त्याला मात्र अहो म्हणतो. पुढे कातडं सोलणारे, मग धड चिरणारे, आणि सगळ्यात शेवटी, पायांत रबरी बूट घालून घाणीत उभ्या असलेल्या आतडी काढणाऱ्या बायका.

पहिली सुरी मुंगसाच्या घरात आजोबापासून चालत आलेली. त्या घरच्या पुरुषांच्या मनगटात एक झटका होता. हात मांडीवर शांत पडलेला असायचा आणि पाण्यातून मासोळी उसळावी तसं मनगट एकदम उडायचं. हाच झटका सुरीत उतरतो, म्हणून त्यांचा वार डोळ्याला दिसत नाही इतका झपकन बसतो, अशी सगळ्या कत्तलखान्याची खात्री होती. पोरगा कामाला लागला की घरचे त्याच्या मनगटावर डोळा ठेवून बसत. मनगट उडालं की बाप स्वतःची सुरी त्याच्या हाती देई. ‘हात आला’ म्हणत. दुसऱ्यांच्या घरात मिसरूड फुटली म्हणतात ना, अगदी तसं.

मुंगसाच्या दादाचा हात लवकर आला. मुंगसाचा आलाच नाही. तिला सुरी चालवता येत नव्हती असं नाही. टांगलेल्या मांसावर ती दादाच्या तोडीस तोड कापायची. पण तिचं मनगट दगडासारखं स्थिर. बाप म्हणायचा, “तुझा हात मुका आहे गं. तू आपली आतडी काढ.” ती मोरीत दार लावून मनगट झटकून बघायची, हे तिनंच मला पुढे सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे असं बघितलं की मी हसलो असतो तर माझाही लचका गेला असता.

बाप पुढे बिघडला. आधी डोकं फिरलं. ताटं भिरकावणं, दार लाथेनं फोडणं. एकदा बायकोचा हात असा पिरगाळला की हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू गेला. मग चाल गेली. पाय फाकून डुलत चालायचा, खांदे आपोआप उडायचे, तोंड वेडंवाकडं व्हायचं. लोक म्हणायचे, ढोसून आलाय. त्या माणसानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता. भर दुपारी बाजारात त्याचा तोल गेला, तो एका बाईवर कोसळला आणि त्याचा हात उडून तिच्या छातीवर बसला. बस्स, तेवढं पुरलं. गर्दीनं त्याला लाथांनी तुडवलं, आणि कुणीतरी फरशीचा तुकडा घेऊन डोक्यात घातला. मुंगूस धावत पोचली तेव्हा त्याचा एक पाय अजून हलत होता आणि लोक म्हणत होते, बघा, अजून मस्ती उतरली नाही. पोलिसांनी लिहिलं, नशेत पडून मृत्यू. दुसऱ्या दिवशी मुंगूस लोखंडी पहार घेऊन त्या फरशीवाल्याच्या दुकानात घुसली, काचा फोडल्या, त्याच्या दोन्ही नडग्या फोडल्या. त्यासाठी तिला कोठडी मिळाली. बापासाठी कुणालाच काही झालं नाही. न्याय म्हणतात तो हा.

लग्न तिनं आकडेवाल्याशी केलं. दणकट गडी, हसरा, आणि हात उचलणारा. तीही उचलायची. भांडण झालं की आधी भांडी उडत, मग ती दोघं. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत एका डब्यात जेवताना दिसत. मला हे कधीच पटलं नाही आणि मी ते तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, भाऊ, तुमची युनियन फाटकाच्या आत. मग एका रविवारी त्यानं पट्ट्याचं बक्कल चालवलं. सोमवारी ती कामावर आली तेव्हा भुवई फाटलेली, डोळा मिटलेला. दादानं फाटकातच आकडेवाल्याची कॉलर धरली आणि सगळ्या पाळीसमोर सांगितलं, “पुन्हा तिला हात लावलास तर साखळीला तुला टांगीन.” हे साठ माणसांनी ऐकलं. मीही ऐकलं.

त्याच पाळीत साखळी अडकली. जनावर पहिल्या सुरीसमोर लोंबकळत राहिलं, अर्धवट शुद्धीत, डोकं हलवत. आकडेवाला साखळी मोकळी करायला पुढे आला, दादाच्या अगदी खांद्याला खांदा लावून. दादानं सुरी उचलली. जनावराच्या गळ्याकडे गेलेली सुरी जनावराला लागलीच नाही. ती आकडेवाल्याच्या गळ्यात गेली, कानाखालून कंठापर्यंत. एकच वार. तो खाली बसला, जणू कुणी त्याच्या गुडघ्यांतली हवा काढून घेतली. आरडाओरडा ऐकून मुंगूस लाइनच्या टोकाकडून धावली, घसरली, सरपटत पोचली आणि दोन्ही हातांनी त्याचा गळा दाबून धरला. बोटांच्या फटींतून रक्त उसळत होतं. जनावराचं आणि नवऱ्याचं एकाच पन्हाळ्यातून वाहत होतं आणि साखळी पुन्हा सुरू झाली होती, कारण तिला थांबवायचं कुणाला सुचलं नाही. पुढचं धूड सरकत येऊन तिच्या पाठीवर आपटलं तरी तिनं हात काढले नाहीत. त्याचे डोळे विझल्यावर मला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

दादा तिथंच उभा होता. सुरी हातात. म्हणाला, “मीच मारला. माझा हात मी पाठवतो तिथंच जातो.” पोलिसांपुढे हेच. मॅजिस्ट्रेटपुढे हेच. वकिलानं त्याला गप्प राहायला सांगितलं तर त्यानं वकिलाला शिवी घातली.

आता मुंगसाची अवस्था बघा. नवरा गेला, मारणारा सख्खा भाऊ, आणि तो भाऊ म्हणतो तुझ्यासाठीच मारला. तिला एकच गोष्ट कळायला हवी होती: दादानं मारलं, की त्याच्या हातून झालं? मारलं असेल तर तिला भाऊ उरला नव्हता. झालं असेल तर तो नाहक फासावर जाणार होता. “मला कुणासाठी रडायचं तेच कळत नाही,” ती मला म्हणाली. एवढं एकच वाक्य. बाकी वेळ ती भिंतीला डोकं आपटत बसायची, आपटायची म्हणजे खरोखर, गिलावा पडेपर्यंत.

तुरुंगाच्या डॉक्टरला एक गोष्ट खटकली. दादा झोपलेला नसताना त्याची पायाची बोटं, हाताची बोटं कुणी दोऱ्यांनी ओढतंय तशी सारखी हलायची. त्यानं मोठ्या इस्पितळात कळवलं. तिथं एक डॉक्टरीणबाई वंशातून उतरणाऱ्या मेंदूच्या आजारांवर संशोधन करत होत्या. त्यांनी घरच्यांना बोलावलं. मुंगूस एकटी जाईना, मी बरोबर गेलो. बाईंनी घरची चौकशी केली, आणि मुंगसानं आजोबा, बाप, काका, दादा अशा सगळ्यांच्या हाताची कीर्ती छाती काढून सांगितली. बाई ऐकत गेल्या. मग हळूच म्हणाल्या, “हा हात नाही हो. हा आजार आहे.”

मुंगसानं टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून भिंतीवर फोडला. बाई हलल्या नाहीत. शिपाई आत आला, त्याला त्यांनीच बाहेर घालवलं. त्या बाईबद्दलचं माझं मत तिथं बदललं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. शरीराच्या प्रत्येक पेशीत जी सूचना लिहिलेली असते, तिच्यात एके ठिकाणी तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. तुमच्यात येतात, माझ्यातही येतात. वीस-पंचवीस वेळा आली तर काही बिघडत नाही. ती चाळीसहून जास्त वेळा आली की माणसाला आज ना उद्या हंटिंग्टनचा आजार होतोच. आधी स्वभाव जातो, मग हातपाय स्वतःच्या मर्जीनं नाचू लागतात, मग गिळणं जातं. आई किंवा बाप, ज्याला असेल त्याच्या प्रत्येक मुलाला मिळायची शक्यता अर्धी. आणि नवं काय कळलंय, तर मेंदूच्या आतल्या एका भागातल्या पेशींत ही अक्षरं जन्माच्या आकड्यावर थांबत नाहीत. आयुष्यभर वाढत राहतात. पेशी वर्षानुवर्षं बिनबोभाट काम करते, आणि आकडा फार वाढून हद्द ओलांडली की पटकन मरते.

मुंगसानं विचारलं, दादाचं कसं कळेल? बाई म्हणाल्या, रक्त तपासून. पण त्यांनी स्वतःच्या मर्जीनं द्यायला हवं.

दादानं साफ नकार दिला. भेटीच्या खोलीत टेबलापलीकडून तो बहिणीवर ओरडला, “आजोबाच्या हाताला रोग म्हणतेस? बापाच्या हाताला? मी खुनी म्हणून मरेन, लुळा म्हणून नाही.” मुंगूस उठली आणि त्याच्या नाकावर ठोसा मारला. नाकाचा घोळणा फुटला. शिपाई तिला ओढेपर्यंत तिनं स्वतःचा रुमाल त्याच्या तोंडावर दाबून भिजवला होता. तोंडावर फटके खात ती बाहेर पडली, आणि तो रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून थेट इस्पितळात.

बाई म्हणाल्या, हे मी तपासणार नाही, हे चोरलेलं रक्त आहे. मुंगूस म्हणाली, माझ्या भावाचं आहे, घरच्या घरात चोरी कसली? बाई हसल्या आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. मग, विचारल्यावरच, त्यांनी दुसरी वाट सांगितली. मुंगसानं स्वतःचं रक्त दिलं आणि तिच्यात आजार निघाला, तर घराण्यात तो आहे हे सिद्ध होईल, मग कोर्टाला डोळेझाक करता येणार नाही. निघाला नाही, तर भावाबद्दल काहीच कळणार नाही. पण हे भावासाठी करू नका, असं त्यांनी बजावलं. एकदा कळलं की ते परत न-कळलेलं करता येत नाही. त्यांनी तिला विचार करायला भाग पाडलं, दुसऱ्या एका बाईशी बोलायला बसवलं, पुन्हा बोलावलं. मुंगसाचं उत्तर दर खेपेला तेच.

“मला तो आजार हवाय,” ती म्हणाली. “हात मागितला, तो दिला नाही. आता रोग तरी द्या.”

असं मागणारं माणूस त्या खोलीत आधी कधी आलं नसावं. सगळे तिथं आपण साफ निघावं म्हणून जीव मुठीत धरून बसतात. ही उलटं मागत होती. मी बाहेर व्हरांड्यात बसून दात खात होतो, कारण कुणाचं काय व्हावं असं म्हणायचं तेच मला कळत नव्हतं.

ती साफ निघाली.

बाईंच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि तो त्यांना लपवता आला नाही. मुंगसानं औषधांची चाकाची गाडी लाथेनं उलटवली. बाटल्या फुटल्या, कापूस, सुया, सगळं जमिनीवर. ती त्या काचांत गुडघ्यांवर बसली आणि मुठी जमिनीवर आपटत राहिली, हात फाटेपर्यंत. बाई तिच्याजवळ काचांतच बसल्या. बऱ्याच वेळानं मुंगसानं डोकं वर करून विचारलं, हे तुम्ही कुणाला सांगणार? बाई म्हणाल्या, तुमच्या परवानगीशिवाय कुणालाही नाही. तुमच्या भावाला नाही, कोर्टाला नाही. विचारलं तरी होही म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही.

मुंगसानं नाक पुसलं. “मग ठीक,” म्हणाली.

पुढच्या भेटीला ती दादासमोर बसली, दोन्ही पट्टी बांधलेले हात टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “दादा, माझा हात आला.”

त्यांच्या घरात हे शब्द किती मोठे होते ते मी आधी सांगितलंच आहे. दादा पहिल्यांदा हसला. खरंच हसला, पोरासारखा. मग त्याला कळलं ती कशाबद्दल बोलतेय. रक्तात आलाय, बाहेर यायचाय, ती म्हणाली. दादानं तिच्या मनगटांकडे पाहिलं, आणि आपलं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं, एकदा, दोनदा, शिपायांनी धरेपर्यंत. कपाळातून रक्त डोळ्यांत उतरलं होतं तसाच तो म्हणाला, “बोलव तुझ्या डॉक्टरणीला. तुला एकटीला नाही ठेवणार मी त्यात, बारके.”

बाई रक्त घ्यायला गेल्या तेव्हा त्यानं विचारलं, बारकीचं खरं का? बाई म्हणाल्या, एकाच्या रक्ताबद्दल मी दुसऱ्याशी बोलत नाही. तो मान हलवत बसला. त्याला उत्तर मिळालं असं वाटलं. बाई पुढे मुंगसावर भयंकर चिडल्या, माझ्या तोंडाच्या कुलपाचा तुम्ही वापर केलात म्हणाल्या. मुंगूस म्हणाली, तुमच्याकडे माझ्या कामाचं तेवढंच होतं.

दादाचा आकडा चाळीसच्या बराच पुढे निघाला.

आम्हाला वाटलं, सुटलो. कुठलं काय. कोर्टात सरकारी वकिलानं बाईंना एकच प्रश्न विचारला: त्या दिवशी, त्या क्षणी, हात आजारानं उडाला की माणसानं उडवला? बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, रक्तात जन्माचा आकडा दिसतो. मेंदूत तो किती वाढलाय, किती पेशी मेल्यात, ते माणूस जिवंत असताना मोजता येत नाही. हात असा उडू शकतो एवढं मी सांगू शकते. उडाला का, ते नाही. वकील खाली बसला, मिशीत हसत. न्यायाधीशांनी दादाला तुरुंगाच्या इस्पितळात हलवलं आणि सांगितलं, पुढच्या तारखेला आरोपीचं म्हणणं आम्ही पुन्हा एकदा ऐकू. म्हणजे सगळं फिरून दादाच्याच तोंडावर आलं. आणि दादा म्हणत होता, रोग असेल, पण त्या दिवशी मीच.

इकडे कोर्टातली बातमी कत्तलखान्यात पोचली. मॅनेजरनं एका फटक्यात मुंगसाच्या दोन चुलतभावांना सुरीवरून काढून झाडू दिला, ना तपासणी ना विचारणा. त्यांच्यात आजार आहे की नाही हे देवालाही माहीत नव्हतं, पण मॅनेजरला माहीत होतं. आम्ही काम बंद पाडलं आणि त्याला त्याच्याच ऑफिसात कोंडलं, ती हकीकत वेगळी. पण चुलतभावांनी राग मॅनेजरवर नाही काढला. त्यांनी फाटकाबाहेर मुंगसाला गाठलं. घराण्याला बट्टा लावलास, पोरींची लग्नं मोडलीस, म्हणत एकानं तिचे केस धरले आणि दुसऱ्यानं पोटात लाथा घातल्या. मी पोचलो तेव्हा ती पालथी होती आणि एकाचा अंगठा तिच्या दातांत होता. तीन बरगड्या मोडल्या. दोघांनाही मी पुरतं ठोकलं, ते लिहायला मला लाज नाही. तपासणीविना माणसाला रोगी ठरवणारा मॅनेजर आणि तपासणी केली म्हणून बहिणीला तुडवणारे हे, एकाच माळेचे मणी.

तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी ती छातीला पट्टा आवळून दादाकडे गेली. मला म्हणाली, त्याला खरं सांगणार आहे. मी म्हटलं, वेड लागलंय का, उद्यापर्यंत थांब. ती म्हणाली, उद्या तो जे बोलेल ते खोट्यावर उभं राहून बोललेलं मला नको.

तुरुंगाच्या इस्पितळातली खोली. लोखंडी खाट, गजांची खिडकी, दाराशी शिपाई आणि मी. दादा खाटेच्या कडेवर बसला होता, खांदे उडत होते. तिनं सरळ सांगून टाकलं. मी साफ आहे. तुझं रक्त मिळावं म्हणून खोटं बोलले.

दादा उठला. चेहरा काळानिळा. “फसवून आजोबाला लुळं ठरवलंस?” म्हणाला आणि हात मागे नेला. मी पुढे झालो तर मुंगसानं मलाच ढकललं. ती जागची हलली नाही, मान वर करून गाल पुढे करून उभी. दादानं पूर्ण ताकदीनं थोबाडीत मारली.

लागली नाही. हात तिच्या कानाजवळून गेला आणि मागच्या गजांवर आदळला. बोटं मोडल्याचा आवाज झाला. त्यानं शिवी हासडून दुसरा हात उचलला. तो वाटेत वळला आणि त्याच्याच छातीवर बसला. पुन्हा मोडका हात. तो खाटेच्या दांड्यावर. ती तशीच उभी, वीतभर अंतरावर, आणि कत्तलखान्यातली पहिली सुरी तिचा गाल गाठू शकत नव्हती. शिपायानं दांडका काढला होता, पण तोही बघतच राहिला.

दादा खाली बसला. बोटं वेड्यावाकड्या कोनात लोंबत होती, त्यांच्याकडे बघत म्हणाला, “मी तुला मारत होतो, बारके.”

“माहीत आहे.”

“लागली नाही.”

“नाही.”

मग तो तुटक तुटक सांगत गेला. त्या दिवशी डोळे जनावरावर होते. मनात मात्र आकडेवाला. मनातल्या मनात त्याला शिव्या चालल्या होत्या, मेला तर बरं असंही आलं होतं. सुरी उचलली, आणि तो खाली पडलेला दिसला. तेव्हा वाटलं, मनात होतं तेच झालं, म्हणजे केलं मीच.

मुंगूस त्याच्यासमोर उकिडवी बसली. “केलंस का?”

“मला माहीत नाही गं.”

ती उठली आणि त्याच्या थोबाडीत अशी सणसणीत ठेवून दिली की तो खाटेवर आडवा झाला. तिची बरोबर बसली. “ही माझ्या नवऱ्याची,” म्हणाली. मग त्याला उठवून बसवलं, ओढणी फाडली आणि त्याची मोडकी बोटं एकमेकांना बांधायला घेतली. तो कळवळत होता, ती त्याला शिव्या देत होती, आणि दोघं रडत होती. शिपायानं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात दादा तेच बोलला. मनात राग होता. हात कुणी पाठवला मला माहीत नाही. पूर्वी म्हणालो ते घमेंडीत म्हणालो. खुनाचा आरोप टिकला नाही. त्याला तुरुंगाच्या इस्पितळात मरेपर्यंत ठेवायचं ठरलं. मरण फार लांब नाही हे सगळ्यांना दिसत होतं.

आता त्याला गिळता येत नाही. मुंगूस सुट्टीच्या दिवशी जाऊन पातळ केलेलं अन्न चमच्यानं भरवते. त्याचा हात उडून चमचा तिच्या डोळ्यांत जातो, ती शिवी घालते, पुन्हा भरवते. बोलणं जायच्या आधी त्यानं डॉक्टरीणबाईंना बोलावून सांगितलं, तुम्ही म्हणालात ना जिवंतपणी मोजता येत नाही, मग मेल्यावर माझं डोकं उघडा. बाईंच्या संशोधनाला असा मेंदू हवाच असतो, पण त्यांनी मुंगसाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं: यातून पेशींचा आकडा कळेल, किती मेल्या ते कळेल, पुढच्या कुणावर औषध काढायला उपयोग होईल. पण तुम्हाला जे हवंय ते कळणार नाही. त्या दिवसाचं नाही.

मुंगसानं खाटेकडे पाहिलं.

“नका सांगू,” ती म्हणाली. “तरी मोजा.”